नारायण पेठेतला समुद्र

सोमवारी सकाळी नारायण पेठेतल्या चौकीत फोन खणखणला, तेव्हा उपनिरीक्षक श्रद्धा वाघचौरे चहाचा पहिला घोट घेत होती.

"खून झालाय," पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"कुठे?"

"जलचर संशोधन मंदिरात. तुमच्या मागच्याच गल्लीत. लवकर या."

"कोणाचा खून?"

"सगळ्यांचा."

श्रद्धानं कप तसाच टाकला आणि ती धावली. धावताना तिच्या मनात जे आलं, ते तिनं कुणाला सांगितलं नसतं. तिच्याच तुकडीतला अभिनव गेल्या आठवड्यात एका खुनाच्या तपासामुळे टीव्हीवर झळकला होता. श्रद्धाच्या वाट्याला वर्षभर पार्किंगची भांडणं आणि हरवलेली कुत्री आली होती. आता बघू या, असं तिला वाटलं.

आणि मग ती एका काचेच्या टाकीसमोर उभी होती. टाकीत गढूळ पाणी. पाण्यात विटांएवढे लाकडाचे ठोकळे, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेला एक बिल्ला. ब्लीचिंग पावडरच्या वासानं डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"प्रेतं कुठे आहेत?"

"आत," एक चष्मेवाली तरुण बाई ठोकळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली. डोळे रडून सुजलेले. ही पूर्णिमा उमाळे, इथली संशोधक. फोन तिनंच केला होता. तिच्या शेजारी संस्थेचे संचालक डॉ. श्रीनिवास परचुरे रुमालानं नाक दाबून उभे होते. खिडकीपाशी एक पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या बाई रस्त्याकडे बघत होत्या. त्या डॉ. सरोजिनी मेहेंदळे. ही टाकी त्यांची. निदान सगळं पुणं तरी तसंच समजत होतं.

"लाकडाच्या आत?"

"जहाजकिडे आहेत ते. नावाला किडा, पण जातीनं शिंपला. तिसऱ्या असतात ना बाजारात, त्यांचा भाऊबंद. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून लाकडात शिरतो आणि आयुष्यभर ते पोखरत, खात आतल्या आत वाढतो. बोगद्याला चुन्याचं अस्तर लावत जातो. बाहेरून लाकूड धड दिसतं, आतून चाळण झालेली असते. जहाजंच्या जहाजं बुडवली आहेत यांनी."

"मग मेले ते बरंच झालं की."

पूर्णिमानं तिच्याकडे असं बघितलं, की श्रद्धाला आपली जीभ चावावीशी वाटली.

"यांच्या कल्ल्यांत एक जंतू राहतो, मॅडम. लाकूड पचवायला तोच मदत करतो. आणि तो एक द्रव्य तयार करतो. हॉस्पिटलमधले काही जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत, ते या द्रव्याला देतात. शिंपल्याबाहेर हा जंतू जगत नाही. आणि हे शिंपले बाईंनी कोकणातल्या ज्या खाडीतून आणले, ती खाडी आता भरावाखाली गेली. म्हणजे जगात होते ते इथेच. या खोलीत."

अभिनवचा चेहरा श्रद्धाच्या डोळ्यांपुढून जरा बाजूला सरकला.

"समुद्र सोडून पुण्यात कशाला ठेवले?"

उत्तर खिडकीतून आलं. "समुद्राकाठी दर भरतीला नवीन पिल्लं टाकीत शिरतात. जात शुद्ध राहत नाही. इथे पाण्यात मीठ आम्ही घालतो, त्यामुळे आत कोण आहे ते आम्हाला ठाऊक असतं." सरोजिनीबाई वळल्या. "पूर्णिमा, पोलिसांना बोलवायचं काय नडलं होतं? मेले ते मेले. ठोकळे पोत्यात भर आणि विल्हेवाट लाव."

"बाई, निदान एक कापून तरी बघू या..."

"मेलेल्यांची चिरफाड बघायची ताकद माझ्यात नाही. तुझ्यात असेल."

हे शेवटचं वाक्य कानाखाली मारल्यासारखं आलं.

"शेवटचं जिवंत कोणी पाहिलं?" श्रद्धानं विचारलं.

"मीच. शनिवारी संध्याकाळी," पूर्णिमा म्हणाली. "सगळ्यांच्या नळ्या बाहेर होत्या. दोऱ्यासारख्या दोन-दोन नळ्या असतात, त्यांनी पाणी ओढतात. रविवारी बंद असतं. आज दार उघडलं तर हा वास, आणि एकही नळी बाहेर नाही."

"घाबरून आत गेले असतील."

"आत जाऊन दार लावतात ते. शेपटीशी दोन झडपा असतात, त्या भोकात घट्ट बसवतात. मग बाहेर गोडं पाणी असो नाहीतर कोरडी हवा, दोन-तीन आठवडे आत तग धरतात. मला आधी वाटलं, तसंच असेल. पण भिंगातून पाहिलं. एकाही भोकात झडपा नाहीत. सगळी दारं उघडी."

"म्हणजे दार लावायच्या आतच मेले?"

"तसंच असणार. पण एक जरी मेला तरी या खोलीत उभं राहवत नाही, आणि आज..."

"हे त्या वैजनाथचं काम," परचुरे रुमालामागून मध्येच म्हणाले. "आमचा शिपाई. टाक्यांत पाणी भरतो आणि फरशाही पुसतो. एका बादलीतली पावडर दुसऱ्या बादलीत गेली, झालं. मी त्याला काढून टाकलंय. बाहेर फळ्यावर सूचनाही लावली आहे."

श्रद्धानं फळा येतानाच पाहिला होता. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'अक्षम्य निष्काळजीपणाबद्दल वैजनाथ यास कामावरून दूर करण्यात आले आहे. कोणीही रदबदली करू नये.'

"रदबदली कोणी केली का?" तिनं विचारलं.

परचुऱ्यांनी मान हलवून नाही म्हटलं. सरोजिनीबाई पुन्हा रस्त्याकडे बघायला लागल्या होत्या.

श्रद्धानं टाकीत हात घातला आणि एक ठोकळा उचलला. "हा पुरावा म्हणून नेते."

"काय करणार त्याचं?" सरोजिनीबाईंनी चटकन विचारलं.

"अजून ठरवलं नाही," श्रद्धा म्हणाली.

*

परचुऱ्यांच्या खोलीत भिंतभर तळ्यातल्या गोगलगायींची चित्रं होती. जिवंत गोगलगाय एकही नव्हती.

"होत्या," परचुरे म्हणाले. "त्या टाकीच्या जागी माझ्याच टाक्या होत्या. मग मेहेंदळेबाईंचे किडे मोठे झाले. वर्तमानपत्रात आले. परदेशातून माणसं बघायला यायला लागली. माझ्या गोगलगायी बघायला कोण येणार? त्या कुणाचं जहाज बुडवत नाहीत."

"म्हणजे तुम्हाला वाईट वाटलेलं दिसत नाही."

"खोटं कशाला बोलू? सकाळी बातमी ऐकली आणि पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाईट वाटलं. पण पहिल्यांदा बरंच."

श्रद्धाला हा माणूस एकदम आवडला. आणि म्हणूनच तिनं पुढचा प्रश्न जरा कडक विचारला.

"खोलीची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे, बाईंकडे, पूर्णिमाकडे. वैजनाथला रोज माझ्याकडून न्यावी लागते आणि संध्याकाळी परत द्यावी लागते."

"शनिवारी दिली होती?"

"दिली होती."

"मग रविवारी तो आत जाणार कसा?"

"शनिवारीच टाकली असेल पावडर, जाता जाता."

"रविवारी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. आणि आलो असतो तरी काय केलं असतं? मला ते सगळे ठोकळे सारखेच दिसतात. आंबा कुठला, सागवान कुठलं, जिवंत कुठला, रिकामा कुठला, मला विचारू नका. ते फक्त त्या दोघी ओळखतात." ते पुढे झुकले. "तुम्ही खरंच शोधत असाल तर एक सांगतो. पूर्णिमा पुढच्या महिन्यात गोव्याला चालली आहे. किनाऱ्यापासून लांब, स्वतःची प्रयोगशाळा मिळाली तिला. संस्थेच्या ठरावानुसार अर्धे ठोकळे ती नेणार होती. अर्धे."

"मग?"

"मग काही नाही. मी आकडा सांगितला. अर्थ तुम्ही लावा."

*

वैजनाथ स्वारगेटच्या मागे, गाववाल्यांबरोबर भाड्यानं घेतलेल्या एका खोलीत राहत होता. वाशिमकडचा, पंचविशीचा. श्रद्धाला बघून तो उठून उभा राहिला आणि उभाच राहिला.

"बस. पावडर तू टाकलीस?"

"मी कायले टाकू मॅडम? फरशीले मी फिनेल वापरतो. ब्लीचिंगचा डबा संडासात असते. त्या खोलीत न्यायचीच बंदी हाय. बाईनं पहिल्याच दिवशी दम देला होता."

"शनिवारी किती वाजता निघालास?"

"पूर्णिमा मॅडम गेल्या त्याच्यामागून. तवा पाणी ठीक होतं."

"आज सकाळी काही वेगळं दिसलं? टाकी सोडून."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "शिडी."

"कसली शिडी?"

"माळ्यावर चढाची. मी दाराच्या मागं ठेवतो. आज जिन्याखाली होती. साहेबाले सांगाले गेलो तर ते म्हणे, आता शिडीचं काय घेऊन बसला."

"माळ्यावर काय आहे?"

"अडगळ. जुने लाकडं, फुटक्या काचा. कोणी जात नाही."

श्रद्धा निघाली तेव्हा त्यानं मागून विचारलं, "मॅडम, फळ्यावर माहं नाव अजून हाय काय? येणारा-जाणारा वाचते ना ते."

तिच्या मोबाइलवर नेमका तेव्हाच तुकडीच्या ग्रुपवर अभिनवचा सत्काराचा फोटो आला. खाली अभिनंदनांची रांग. तिनंही अंगठा टाकला. मग मोबाइल पालथा करून खिशात टाकला आणि ती कसब्याकडे निघाली.

*

सरोजिनीबाई कसबा पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. गल्ली इतकी अरुंद की श्रद्धाला गाडी गणपतीच्या देवळापाशीच लावावी लागली. मे महिन्याचं ऊन भिंतींमधून परतून अंगावर येत होतं. दाराशी पोचते तोच वरून टपकन गार पाण्याचा थेंब तिच्या खांद्यावर पडला. तिनं मान वर केली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला पडदा ओढलेला होता आणि खिडकीखाली एसीचा डबा घरघरत होता.

जिना चढून वर गेल्यावर दार बाईंनीच उघडलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. दिवाणखान्यात डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरत होता आणि बाई घडी घातलेल्या वर्तमानपत्रानं वारा घेत होत्या.

"उकाडा फारच आहे," श्रद्धा म्हणाली.

"मला यंत्राची हवा सोसत नाही. सांधे धरतात. चहा करते, पण वेळ लागेल. कामाच्या कांताबाईंना आठवडाभर येऊ नका म्हटलंय. सध्या घरात माणसं नको वाटतात."

"एकट्याच असता?"

"एकटीच. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. ते शिंपले होते."

त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं, की श्रद्धाला पुढचं विचारणं जड गेलं.

"पूर्णिमाबद्दल सांगा."

"हुशार आहे. यवतमाळहून आली तेव्हा तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा मीच नेलं तिला, हाताला धरून. भिंग कसं धरायचं इथपासून सगळं शिकवलं."

"आणि आता?"

वर्तमानपत्राचा वारा थांबला. "आता तिचे ठोकळे माझ्यापेक्षा चांगले वाढतात. एकाच टाकीत, एकाच पाण्यात. डावी बाजू माझी, उजवी तिची. उजवीकडचे शिंपले वितीवितीचे झाले. मी रात्रंदिवस बघते, तिचं काय वेगळं आहे ते. काही वेगळं नाही. तिचा हात चांगला आहे, बस." त्या हसल्या. "गेल्या खेपेला परदेशचे पाहुणे आले, ते सरळ तिच्याकडे गेले. मला म्हणाले, आपणही इथेच काम करता का?"

श्रद्धाही हसली, पण तिला हसू आलं नव्हतं.

"परचुरे म्हणतात, पूर्णिमा अर्धे नेणार होती."

"हो. मीच सही केली होती ठरावावर. न करून कसं चाललं असतं? लोक काय म्हणाले असते?"

"तिनंच काही केलं असेल, असं वाटतं तुम्हाला?"

बाईंनी वर्तमानपत्राची घडी नीट केली. मग म्हणाल्या, "मला कुणावर आळ घ्यायचा नाही."

"वैजनाथवर तर घेतला गेलाच आहे."

"त्याला दुसरीकडे काम बघून देईन मी," बाई म्हणाल्या आणि चहा करायला उठल्या.

*

तिथून दोन गल्ल्या सोडून नागोराव सुताराचं दुकान होतं. श्रद्धानं पूर्णिमाला तिथेच बोलावून घेतलं होतं. ठोकळ्यावरचा बिल्ला पूर्णिमानं हातात घेतला आणि तिचे डोळे पुन्हा भरले.

"हा माझा. उजव्या बाजूचा. खाडीतून आणलेल्यांची ही कितवीतरी पिढी. दोन वर्षं एकदाही पाण्याबाहेर काढला नव्हता."

"काप," श्रद्धा सुताराला म्हणाली.

"बाईंनी नको म्हटलंय..."

"मला कुठे म्हटलंय?"

करवत फिरली. ठोकळ्याचे उभे दोन भाग झाले आणि नागोराव सुतार मागे सरकला. "आयला! हे लाकूड आहे का शेवयांचा साचा?"

आत बोटाएवढाल्या बोगद्यांची जाळी होती, प्रत्येकाला पांढरं गुळगुळीत अस्तर. एकही बोगदा दुसऱ्याला छेदत नव्हता. श्रद्धा क्षणभर बघतच राहिली. मग तिनं वाकून वास घेतला. ब्लीचिंगचा पुसट वास आणि ओल्या लाकडाचा. बस.

"शनिवारी रात्री मेले असतील असं धरू," ती म्हणाली. "मे महिन्याची गरमी. बोटाएवढे मांसाचे तुकडे. वास कुठे आहे? मांस तरी कुठे आहे?"

पूर्णिमानं चिमट्यानं एक बोगदा शेवटपर्यंत खरवडला. "मांस गळून गेलं तरी डोक्याकडचे शिंपले राहायला हवेत. त्यांनीच तर तो लाकूड कोरतो. ते नाहीत. झडपा नाहीत. हे काय..." चिमट्याच्या टोकावर काळे बारीक कण होते. तिनं ते तळहातावर घेतले, चष्मा वर केला.

"मुंग्या," ती म्हणाली. "वाळलेल्या मुंग्या."

"दोन वर्षं खाऱ्या पाण्याखाली असलेल्या लाकडात मुंग्या कशा शिरल्या?"

पूर्णिमानं चष्मा परत डोळ्यांवर ओढला. "शिरणारच नाहीत. अभ्यास संपला की रिकामे ठोकळे आम्ही वाळवून माळ्यावर टाकतो. तिथे मुंग्या येतात, राहिलंसाहिलं खायला." तिनं श्रद्धाचा हात घट्ट धरला. "मॅडम, हा आमचा ठोकळाच नाही! बिल्ला आमचा, लाकूड माळ्यावरचं. म्हणजे आमचे... म्हणजे ते मेलेले नाहीत!"

"निदान टाकीत मेले नाहीत. कुणीतरी त्यांना नेलंय, आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून ही जुनी लाकडं ठेवली आहेत."

पूर्णिमा हसायला लागली आणि मग एकदम थांबली. हिशेब तिलाही कळला होता.

"तुम्हाला वाटतंय मी नेले," ती म्हणाली.

"उद्या सकाळी संस्थेत या," श्रद्धा म्हणाली. "सगळेच या."

*

दुसऱ्या दिवशी टाकीच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या होत्या. परचुरे, पूर्णिमा, सरोजिनीबाई बसले. वैजनाथ बसायला तयार होईना, तेव्हा श्रद्धानं त्याला खांद्याला धरून बसवलं. मग तिनं कापलेला ठोकळा टेबलावर ठेवला आणि मुंग्यांची गोष्ट सांगितली.

"म्हणजे खून झालाच नाही," परचुरे म्हणाले. "चोरी झाली."

"अपहरण म्हणा. रविवारी कोणीतरी किल्लीनं दार उघडलं. शिडी लावून माळ्यावरची जुनी लाकडं काढली. टाकीतले ठोकळे बाहेर काढले, बिल्ले सोडले आणि जुन्या लाकडांना बांधले. ती पाण्यात ठेवली आणि वर ब्लीचिंग पावडर ओतली. पावडरीमुळे दोन कामं झाली. मेल्याचं कारण मिळालं, आणि वास नसल्याची शंका त्या वासाखाली दबली. जिवंत ठोकळे ओल्या गोणपाटात गुंडाळून नेले. न्यायला काही अडचण नाही, कारण ते दार लावून आत बसतात."

"कोणी केलं?" परचुऱ्यांनी विचारलं. त्यांची नजर पूर्णिमावर होती.

"वैजनाथनं नाही. त्याच्याकडे रविवारी किल्ली नव्हती. तुम्हीही नाही, सर. सकाळी नागोराव सुताराला सगळे ठोकळे दाखवले. आंब्याच्या ठोकळ्याचा बिल्ला आंब्याच्याच लाकडावर, सागाचा सागाच्याच. मापसुद्धा जुळवलेलं. तुम्हाला ते सगळे सारखेच दिसतात, आणि त्याबाबतीत माझा तुमच्यावर विश्वास आहे. शिवाय तुमचा राग होता तो टाकीवर. तुम्ही मारलं असतं, सांभाळून नेलं नसतं."

परचुरे खोकले.

"उरल्या दोघी. दोघींनाही लाकूड ओळखता येतं. पण पूर्णिमानं चोरी केली असती तर पोलिसांना फोन कशाला केला असता? एक जरी मेला तरी वास येतो, हे मला तिनंच सांगितलं. झडपा नाहीत, हेही तिनंच. ठोकळा कापू या, असं तिनंच म्हटलं. चोर आपल्याच विरुद्ध पुरावे गोळा करून देत नाही. आणि ज्या माणसानं उभा जन्म एका प्राण्याच्या अभ्यासात घालवला, त्या माणसानं मात्र आपले प्राणी कशानं मेले हे बघायलाच नकार दिला. ठोकळे फेकून द्या म्हटलं. पोलीस नकोत म्हटलं."

परचुऱ्यांची नजर पूर्णिमावरून सरोजिनीबाईंकडे वळली.

"बाई," श्रद्धानं हळूच विचारलं, "तुम्हाला यंत्राची हवा सोसत नाही. घरात दुसरं कोणी नाही. कामाच्या बाईंनाही घरात येऊ देत नाही. मग तुमच्या आतल्या खोलीतला एसी कोणासाठी चालू आहे?"

सरोजिनीबाईंची ताठ पाठ खुर्चीला टेकली.

"बाई?" पूर्णिमा म्हणाली. "बाई, तुम्ही?"

"मला मारवेनात," सरोजिनीबाई म्हणाल्या. "नाहीतर तेच केलं असतं."

"पण का? अर्धे तुमचेच राहणार होते."

"राहिले असते. आणि इथे हळूहळू संपले असते. तुझ्याकडचे वाढले असते. लोक गोव्याला गेले असते बघायला. मग एखादा म्हणाला असता, मूळचे हे पुण्याचे, कोण्या म्हाताऱ्या बाईंनी जमवलेले." त्यांचा आवाज चढला. "तू यायच्या आधी मी त्यांना रात्री उठून पाणी घालत होते. नवऱ्याच्या दिवसांतसुद्धा घातलंय. आणि तू नुसता हात लावलास की ते वाढतात! मला ते बघवत नाही. तुझ्या हातात तर नाहीच, पण दुसऱ्या गावात, तुझ्या टाकीत... नाही."

श्रद्धाला सकाळी बंद करून ठेवलेला मोबाइल आठवला. या बाईंच्या जागेपासून आपण किती लांब आहोत, असा विचार तिच्या मनात आला, आणि ते अंतर तिला वाटलं होतं तेवढं मोठं निघालं नाही.

"आणि वैजनाथ?" तिनं विचारलं.

बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "त्याचं नाव सरांनी घेतलं. मी नाही घेतलं."

"गप्प बसलात," श्रद्धा म्हणाली.

"हो. गप्प बसले."

वैजनाथ उठला. "बाई, मले बाकीचं समजत नाही. तो फळा तेवढा पुसा."

सरोजिनीबाई बाहेर गेल्या. दारातून जाणारे-येणारे थांबून बघत होते. त्यांनी फळा आधी ओल्या फडक्यानं पुसला. मग खडू घेऊन त्यावर लिहिलं, 'दोष वैजनाथ यांचा नव्हता. माझा होता.' खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

परचुऱ्यांनी तक्रार द्यायची की नाही, यावर संस्थेची बैठक बोलावतो म्हणून सांगितलं. "तोवर ते प्राणी आधी इथे आणा," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "जगले असतील तर."

*

सरोजिनीबाईंच्या घरी आतल्या खोलीत गारठा होता, उन्हाळ्यात खारं पाणी तापू नये म्हणून. पलंग भिंतीशी उभा केलेला. जमिनीवर प्लास्टिकचे टब, टबांत ठोकळे, हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या नळ्या. बाईंनी पुस्तकं काढून टाकली होती, देवाचा फोटोसुद्धा हलवला होता. पूर्णिमा चपला न काढताच गुडघ्यांवर बसली.

एकही नळी बाहेर नव्हती.

तिनं पाण्यात काचेचा मापक सोडला आणि डोळा लावून वाचला. "बाई, मीठ जास्त झालंय. बरंच जास्त."

"असं कसं? मी रोज बघते."

"कशानं बघता? तुमचा चष्मा..."

"चष्म्याचं नाही ते," सरोजिनीबाई म्हणाल्या. "वर्ष झालं. डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजवाही अंधूक. मापकावरच्या रेघा एकमेकींत मिसळतात. ठोकळ्यांची भोकं बुजवणारं शेवाळही दिसत नाही, म्हणून तर डावी बाजू मागे पडली असेल. मी कुणाला सांगितलं नाही."

पूर्णिमानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. रागवायचं तिच्या मनात खूप होतं, ते श्रद्धाला तिच्या जबड्यावरून कळत होतं. पण ती फक्त म्हणाली, "गोडं पाणी द्या."

बाईंनी स्वयंपाकघरातून कळशी आणली. पूर्णिमा पेल्यानं पाणी सोडत गेली.

"हळू. एकदम नको."

"माहीत आहे, बाई. तुम्हीच शिकवलंय."

कळशी अर्धी रिकामी झाली. मग आंब्याच्या एका ठोकळ्यातून दोऱ्याएवढी पांढरी नळी बाहेर आली. पाठोपाठ दुसरी. मग शेजारच्या भोकातून. थोड्या वेळानं सगळ्या टबांत दोरे डोलत होते. सगळे नव्हते. काही दारं तशीच बंद राहिली.

"सगळेच घेऊन जा," सरोजिनीबाई एकदम म्हणाल्या.

"अर्धे ठरलेत."

"मला दिसत नाही, सांगितलं ना."

"मग वैजनाथ मापक वाचेल. त्याला शिकवा. मला शिकवलंत तसं." पूर्णिमानं ओल्या हातानंच नाक पुसलं. "अर्धे. आणि निवडायचे तुम्ही. नंतर मला ऐकायचं नाही की चांगले मी नेले."

सरोजिनीबाई खाली बसल्या. एकेक ठोकळा अंगठ्यानं चाचपून दोन टबांत वेगळा करू लागल्या. सगळ्यात मोठ्या ठोकळ्याशी त्यांचा हात थांबला. त्यावर नळ्यांची दाटी झाली होती. त्यांनी तो पूर्णिमाच्या टबात ठेवला. थोड्या वेळानं परत उचलून आपल्या टबात घेतला. पूर्णिमा खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिली.

श्रद्धानं जबाबाचा कागद काढला होता, तो तिनं गुडघ्यावर तसाच धरून ठेवला. बाईंचा हात पाण्यात होता. त्यांनी तो ठोकळा पुन्हा उचलला, पूर्णिमाच्या टबात ठेवला आणि या वेळी हात काढून घेतला.